ऑकवर्ड होईल, म्हणून

मिल टेरेस, क्रॅगशॉ
१८ एप्रिल १९९३

प्रिय जिल,

तुझं कार्ड पोचलं. पुढे प्लिमथचा समुद्र, मागे तीन ओळी. समुद्र मी दिवाणखान्यात घड्याळाला टेकून ठेवलाय. ओळी मात्र खिशात घेऊन हिंडतोय.

तू विचारतेस, "तो अजून तिथेच आहे का?" आहे, पोरी. तुझ्याच खोलीत आहे. कीथ आता तुझा कोणी लागत नाही हे मला कळतं, घटस्फोटाचा कागद मीही वाचलाय. माझाही तो कायद्याने कोणी नाही. पण सकाळी त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून येतो आणि मी दोन अंडी उकडायला टाकतो, हे खरं आहे. खोटं कशाला लिहू?

तू म्हणतेस, तो असेल तर घरी उतरणार नाही. स्टेशनवरून थेट आईच्या कबरीवर आणि तिथून थेट स्टेशनवर. कबरीवरचा दगड बसवणाऱ्यांनी तारीख दिली आहे ती मे अखेरच्या सुट्टीतल्या शनिवारची. माती वर्षभर बसू द्यावी लागते म्हणाले. बसली आता. डोरीनचं नाव कोरून तयार आहे, मी जाऊन बघून आलो. तेव्हा तू इतक्या लांबून येणार, आईच्या दगडापुढे उभी राहणार आणि चहाचा घोटही न घेता परत जाणार? ते मला झेपायचं नाही. म्हणून हा कागद. फोन करता आला असता, पण फोन जिन्याखाली आणि कीथ शेजारच्या खोलीत. त्याला ऐकू जाईल असं त्याच्याबद्दल कसं बोलू?

तो आला कसा ते तुला नीट सांगितलंच नाही मी. सप्टेंबरात आला, आपली शिडी परत करायला. डोरीनच्या आजारपणात त्याने छपराची पन्हळ साफ करायला नेली होती. दारात उभ्या उभ्या म्हणाला, "घरमालक घर विकतोय. दुसरी जागा बघतोय." मी म्हणालो, "मग राहा की इथे, हवं तितके दिवस."

आता तुला ठाऊक आहे, आपल्याकडे हे वाक्य म्हणायचं असतं, कोणी ते धरून बसायचं नसतं. समोरच्याने म्हणायचं, "छे, तुम्हाला कशाला त्रास." आपण म्हणायचं, "त्रास कसला." मग त्याने टोपी घालायची आणि निघायचं. कीथ याच गावात वाढलेला, त्यालाही हे सगळं येतं. पण त्या दिवशी तो म्हणाला, "बरं. दोन-चार दिवस." त्याच्या पुढचं वाक्य मी पाठच केलेलं नव्हतं.

मी सुचवलं नाही असं समजू नकोस. पेपरातलं भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींचं पान वर येईल अशी घडी करून त्याच्या बशीजवळ ठेवलं. त्याने पान उलटून मागचं शब्दकोडं सोडवलं आणि पेपर मला परत दिला. "एकच राहिलंय. ते तुम्हाला येईल," म्हणाला. आलं मला. मग काय, आम्ही दोघं खूश, आणि जाहिरातींचा विषय संपला.

दुसरी गंमत सांगतो. मला काय म्हणून हाक मारायची तेच त्याला कळत नाही. तुमचं लग्न होतं तोवर "डॅड" म्हणायचा. आता ते म्हणता येत नाही, आणि "नॉर्मन" म्हणायला जीभ वळत नाही. त्यामुळे तो हाकच मारत नाही. खोलीच्या दाराशी येतो, घसा खाकरतो आणि मी मान वर करेपर्यंत उभा राहतो. मी पेपरात असलो तर बराच वेळ उभा असतो बिचारा.

शेजारच्या एनिडला हे सगळं दिसतंच. परवा भिंतीवरून विचारते, "नॉर्मन, तो तुझा पाहुणा आहे की भाडेकरू?"

"पाहुणा."

"पाहुण्याने पडदे धुतलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते."

"त्याने आपणहून धुतले."

"मग त्याला सांग ना, की जा बाबा आता."

"ऑकवर्ड होईल, एनिड."

"हो, ते होईलच," ती म्हणाली आणि आत गेली. यावर आपल्या गल्लीत कोणी वाद घालत नाही. तो शब्द आला की विषय मिटला.

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. मनगट जरा धरलंय. थंडीनं असेल.

तुझा,
डॅड


३ मे १९९३

प्रिय जिल,

चार पानं आली. पोस्टमन दारातून टाकून गेला, कीथने पायपुसण्यावरून उचलली, तुझं अक्षर ओळखलं, चहाच्या किटलीला पाकीट टेकवून ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन सायकलला तेल घालत बसला. त्या सायकलला गेल्या आठवड्यातच तेल घातलं होतं.

तू चिडली आहेस. चिड. त्याच्याबद्दल लिहिलंस ते वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. "मी एका कपाटाशी संसार केला. कपाट निदान उघडतं तरी." घरात भांडण कधी नव्हतं, मारझोड नव्हती, दारू नव्हती, आणि म्हणूनच घर सोडायचं कारण कोणाला सांगता आलं नाही, हे तू पहिल्यांदाच मला लिहिलंस. गावात लोक विचारायचे, "असं झालं तरी काय?" मी म्हणायचो, "जमलं नाही." खरं तर मलाही माहीत नव्हतं.

पण शेवटच्या पानावर तू मलाच धरलंस. म्हणतेस, "लहानपणापासून तुमच्या तोंडून तो एक शब्द ऐकतेय. काका आजारी असताना भेटायला गेला नाहीत, का, तर ऑकवर्ड. शाळेत माझ्यावर अन्याय झाला, बाईंना बोलला नाहीत, का, तर ऑकवर्ड. आता तो माणूस माझ्या पलंगावर झोपतो आणि परत तोच शब्द. त्या शब्दाचा अर्थ तरी काय, ते मला एकदा लिहून कळवा. नाहीतर तो पुन्हा वापरू नका."

ठीक आहे. मी चौदाव्या वर्षी गिरणीत गेलेला माणूस. जे काही शिकलो ते वाचनालयातून, तेव्हा वाचनालयातच गेलो. मोठा शब्दकोश घरी देत नाहीत, तिथेच उभं राहून वाचला. त्यात लिहिलंय की हा फार जुना शब्द आहे. मूळ अर्थ, उलट्या बाजूला वळलेला. तोंड हवं तिकडे पाठ. जिकडे जायचं त्याच्या विरुद्ध. हे वाचून मी चष्मा पुसला.

पण कोशातला अर्थ एक आणि गल्लीतला वापर दुसरा. गिरणीत आम्ही माग दुरुस्त करायचो, तेव्हा जो माग कोणाचंच ऐकत नसे त्याला आम्ही ऑकवर्ड म्हणायचो. म्हणजे हट्टी. माणसालाही म्हणायचो: "जाऊ दे त्याला, आज ऑकवर्डपणा करतोय." त्यात काही चूक नव्हती. मागाला खरंच तसा स्वभाव असतो. दुसरा वापर असतो तो सभा-समारंभातला. तुझ्या आईच्या अंत्यविधीनंतर चॅपेलच्या हॉलमध्ये आपण सगळे हॅमचे सँडविच घेऊन उभे होतो, आठवतं? तू एका भिंतीशी, कीथ समोरच्या भिंतीशी. एनिडला तिच्या बहिणीशी त्याची ओळख करून द्यायची होती. म्हणाली, "हा जिलचा... म्हणजे, हा कीथ." आणि बशीतला केक त्याच्यापुढे केला. तेही खरंखुरं अवघडलेपण, त्याला दुसरं नाव नाही.

आता तिसरा वापर. तो आपला. चॅपेलमध्ये मिस्टर हॉइल ऑर्गन वाजवतात ते तुला ठाऊक आहे. गेली काही वर्षं त्यांना ऐकू कमी येतं आणि सूर पार भलतीकडे जातो. कोणीही त्यांना सांगितलेलं नाही. आम्ही काय केलं, तर सगळ्यांनी मोठ्याने गायला सुरुवात केली. इतक्या मोठ्याने, की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, क्रॅगशॉमध्ये केवढी भक्ती आहे. मिस्टर हॉइलनाही वाटतं. ते आणखी जोरात वाजवतात. हा तो वापर, जिल. इथे ऑकवर्ड म्हणजे अवघड नव्हे. खरं बोललं तर काय होईल याची भीती वाटते आणि भीती वाटते असं म्हणायची लाज वाटते, म्हणून हा शब्द पुढे करायचा. दयाही याच शब्दाखाली खपते आणि आळसही.

तर हा घे अर्थ. लिहून दिला.

आणि अर्थ लिहून दिला म्हणजे माणूस सुधारला असं नाही. काल रविवारी ठरवलं की जेवताना कीथला सरळ सांगायचं. वाक्य तयार केलं होतं: "कीथ, जिलला यायचंय, तेव्हा खोली लागेल." दाढी करताना म्हणून बघितलं, चांगलं वाटलं. तो रोस्ट घेऊन आला. सोबतची पिठाची खारी पुडिंगं अशी फुगली होती की टोप्या म्हणून डोक्यावर घालावीत. मी काटा खाली ठेवला.

"कीथ."

तो थांबला. हातात ग्रेव्हीचं भांडं. मला वाटतं त्यालाही कळलं असावं, चेहरा असा झाला त्याचा, शिक्षकांनी नाव घेतल्यासारखा.

"ग्रेव्ही छान झालीय," मी म्हणालो.

"कांदा जरा जास्त परतला," तो म्हणाला.

मग आम्ही कांद्याबद्दल बोललो. मी दमलोय, पोरी. न बोलण्यात केवढे कष्ट असतात ते कोणी सांगत नाही. दिवसभर मागावर उभा राहायचो तेव्हाही इतका दमत नव्हतो.

तुझा,
डॅड


१६ मे १९९३

प्रिय जिल,

हे पत्र बसून वाच.

मंगळवारी मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होतो. एनिड पलीकडे तिच्या चादरी वाळत घालत होती. सहज म्हणाली, "कीथच्या फ्लॅटला पडदे झाले का? माझ्याकडे जुने आहेत, हिरवे. लागले तर सांग."

"कुठला फ्लॅट?" मी विचारलं.

तिच्या तोंडात दोन चिमटे होते. ते तिने काढलेच नाहीत. चिमटे तोंडात असले की माणसाला बोलावं लागत नाही, म्हणून ती चादर ओढत राहिली, ओढत राहिली. शेवटी मी म्हणालो, "एनिड, तुझी चादर फाटेल."

तेव्हा कळलं. नगरपालिकेने कीथला ब्रिज स्ट्रीटवर फ्लॅट दिलाय. एक खोली, स्वयंपाकघर, खिडकीतून नदी. किल्ली त्याला फेब्रुवारीतच मिळाली. एनिडची भाची नगरपालिकेत आहे, त्यामुळे एनिडला ठाऊक. तिला वाटलं मलाही ठाऊक असणार, आणि मी बोलत नाही म्हणजे काही कारण असणार, म्हणून तीही बोलली नाही. भाडं भरून रिकामा ठेवलाय त्याने फ्लॅट, आणि झोपतो तुझ्या अरुंद पलंगावर, पाय बाहेर काढून.

मी आत गेलो. तो कामावरून नुकताच आला होता, डेपोतल्या कामाने तेलकट झालेले हात धुवत होता. मी त्याच्या पाठीशी बोललो. समोरून जमलं नसतं.

"कीथ, तुझ्या फ्लॅटला पडदे नाहीत म्हणे."

पाणी वाहत राहिलं. मग त्याने नळ बंद केला. टॉवेल शोधला, तो खांद्यावरच होता.

"नाहीत अजून," तो म्हणाला.

"तू गेला का नाहीस?"

"तुम्ही जा म्हणाला नाहीत."

"मी कसा म्हणणार? हवं तितके दिवस राहा म्हणून बसलो होतो."

"तेच ना." तो टॉवेलने एकेक बोट पुसत होता. "मी लगेच गेलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा पडला आणि हा पळाला."

आता हे तुला सांगायलाच हवं. मी नोव्हेंबरात पडलो, जिल. तळघरात कोळसा आणायला गेलो आणि पायरी चुकलो. मनगट मोडलं. थंडीने धरलंय असं लिहिलं ते खोटं. दुपारी पडलो आणि कीथ कामावरून येईपर्यंत तिथेच कोळशात पडून होतो. हाक मारली नाही. एनिड भिंतीपलीकडे होती, तिच्या रेडिओवरची गाणी मला ऐकू येत होती. हाक मारली असती तर आली असती. पण मला वाटलं, काय म्हणेल, असा काळाकुट्ट, एका पायात बूट. कोणी म्हणेल मूर्ख म्हातारा. म्हणेना का. पण मी पडून राहिलो आणि छताकडे बघत बसलो.

कीथने मला उचललं, हॉस्पिटलात नेलं, रात्रभर खुर्चीत बसला. मी त्याला म्हणालो, "जिलला कळवायचं नाही. तिला उगीच काळजी." तो म्हणाला, "बरं." आणि त्याने कळवलं नाही. तू तेव्हा चिडून होतीस, त्याच्यावर आणि माझ्यावर, तो इथे का राहतो म्हणून. त्याला एका वाक्यात सगळा राग मिटवता आला असता. मिटवला नाही, कारण मी नको म्हणालो होतो. कपाट आहे खरं. पण मी आत ठेवलेली वस्तू त्याने कोणाला दाखवली नाही.

मी टेबलाशी बसलो. तोही बसला. त्याने विचारलं, "जिल माझ्याबद्दल काय लिहिते?" तुमच्या घटस्फोटाला सहा वर्षं झाली, त्याने तुझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"खरं सांगू?"

"सांगा."

"कपाट म्हणते तुला."

त्याने त्यावर विचार केला. चिडला नाही. "बरोबर आहे तिचं," म्हणाला. "ती रडायची तेव्हा मला वाटायचं, काही बोललो तर चुकीचंच बोलेन. मग मी बाहेर जाऊन गेटला रंग द्यायचो." जरा थांबून म्हणाला, "गेट फार छान दिसायचं."

जिल, मी हसलो. तोही हसला. 

मी हे तुला त्याची वकिली म्हणून लिहीत नाही. तू त्याला सोडलंस ते बरोबर केलंस की चूक, हे मी बोलणार नाही. रडणाऱ्या माणसाला रंगवलेलं गेट काय कामाचं? मी माझ्याबद्दल लिहितोय. तू मला विचारलंस त्या शब्दाचा अर्थ काय, आणि मी मिस्टर हॉइलचा किस्सा सांगून हुशारी केली. खरं उत्तर मी दिलंच नव्हतं. ते हे: कीथला जा म्हणणं अवघड होतं म्हणून मी म्हणालो नाही असं नाही. तो जाऊ नये असं मला वाटत होतं. घरात संध्याकाळी कोणीतरी दार उघडून येतं, हे मला हवं होतं. तळघराच्या पायऱ्यांची मला भीती वाटते. डोरीन गेल्यापासून या घरात घड्याळ फार मोठ्याने वाजतं. हे तुला लिहिण्यापेक्षा "ऑकवर्ड होईल" म्हणणं सोपं होतं. तू मला नेभळट समजलीस तरी चाललं, एकाकी समजायला नको, असं होतं ते.

त्यात तुझी खोली गेली. आणि आता आईच्या दगडाचा दिवसही जाईल.

तू काय ठरवशील ते ठरव. पण खरं कळल्यावर ठरव.

डॅड


२७ मे १९९३

प्रिय जिल,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. फोनवर मला नेहमी वाटतं की रांगेत मागे लोक उभे आहेत. म्हणून राहिलेलं लिहितो. उद्या सकाळच्या टपालाने पोचलं तर निघण्याआधी वाचशील. नाही पोचलं तर इथे आल्यावर तोंडी सांगेन. म्हणजे प्रयत्न करेन.

कीथ शनिवारी गेला. भांडून नव्हे. मीच म्हणालो, "कीथ, तू आता तुझ्या घरी जा." दाढी करताना सराव केला नव्हता, तरी आलं. त्याने मान हलवली. तुझ्या पलंगावरची चादर काढून, धुवून, घडी करून ठेवली. दारात बॅग घेऊन उभा राहिला आणि घसा खाकरला. मी समोरच उभा होतो, खाकरायची गरज नव्हती. मग म्हणाला, "येतो, नॉर्मन." आणि कानापर्यंत लाल झाला. त्याच्या तोंडून ते नाव ऐकून मलाही काय करावं कळेना, मी त्याचा हात इतका वेळ हलवला की पंप मारतोय असं वाटलं असेल.

त्याच्या मागोमाग मी ब्रिज स्ट्रीटवर गेलो, एनिडचे हिरवे पडदे घेऊन. खिडकीला आखूड पडतात. त्याने लावले.

तिथे मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. एक, शनिवारी दगडापाशी येशील का. दुसरी, रविवारी जेवायला येशील का. आणि म्हणालो, "हे उपचार म्हणून विचारत नाही. यायचं नसेल तर नाही म्हण." तो खिडकीकडे बघत म्हणाला, "जिल असेल." मी म्हणालो, "असेल अशी आशा आहे." तो म्हणाला, "मग सगळ्यांना फार जड जाईल." मी म्हणालो, "जाईल. ये."

म्हणून काल तू फोनवर विचारलंस, "तो असणार आहे का?" तेव्हा मी "हो, मी बोलावलंय" म्हणालो. तू गप्प झालीस. लाइन तुटली असं वाटून मी "हॅलो, हॅलो" करत होतो, त्याबद्दल माफ कर. मग तू म्हणालीस, "डॅड, मी त्याच्याशी काय बोलू?" आणि मी म्हणालो, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, पोरी. तुझ्याशी तरी काय बोलायचं ते मला कुठे माहीत आहे? तू शुक्रवारी येतेस म्हणालीस आणि मी "तुझ्या सोयीने बघ" म्हणालो. जीभ आपोआप वळली. फोन ठेवल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. सोयीने नको बघूस. ये. मला तू यायला हवी आहेस. असं मी तुला आजवर कधी म्हटलेलं नाही, आणि कागदावरसुद्धा हे वाक्य वेडंवाकडं आलंय, त्यात मनगटाचा दोष नाही.

खोली रिकामी आहे. पलंग तसाच अरुंद आहे. खिडकी अडकायची ती कीथने तासून सरळ केली, आता उघडते.

एक सांगतो. इथे आल्यावर माझ्याशी गोड वागू नकोस. मी पडलो आणि लपवलं, त्याचा राग असेल तर तो चहाच्या आधीच काढ. बोलताना मध्येच मी हवामानावर गेलो तर मला टोक. कीथ गप्प राहिला तर राहू दे, पण तू त्याच्यासाठी म्हणून गप्प राहू नकोस. तुझ्या आईने तुमच्या दोघांत सतरा वेळा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी मी तिला म्हणालो, पडू नकोस त्यात. तिच्या दगडापाशी आपण तिघं उभं राहू आणि ज्याला जे सुचेल ते तो बोलेल. नाही सुचलं तर उभं राहू. पळायचं तेवढं नाही.

मी फार थकलोय, आज दोनदा खुर्चीतच झोप लागली. पण स्टेशनवर येईन. गाडीला उशीर झाला तरी थांबेन, चुकामूक झाली तर तू सरळ घरी चालत ये. आणि आल्यावर पुढच्या दाराशी उभी राहून घंटा वाजवू नकोस. गेल्या वेळी वाजवली होतीस, ते मी तेव्हा बोललो नाही. पुढचं दार पाद्रीसाहेबांसाठी आणि डॉक्टरांसाठी. तू घरची, मागून ये. अंगणाचं दार ढकल, स्वयंपाकघरात ये, बॅग वाटेत कुठेही टाक.

डॅड